९९.९ टक्के जिवाणू मेले, तरी सकाळी नळी गढूळ: उजेडावर चालणाऱ्या किल-स्विचचं दुखणं नेमकं कुठे असतं

तुमचा प्रश्न आधी नीट मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मुंबईतल्या एका कॉलेजच्या टीमने किल-स्विच, म्हणजे इशारा मिळाला की जिवाणूला स्वतःलाच मारायला लावणारी कळ, बनवलाय. ई. कोलाय या जिवाणूच्या बीएल२१(डीई३) या स्ट्रेनमध्ये (वाणात), निळ्या उजेडात जनुक चालू करणाऱ्या पीडॉन या प्लाझ्मिडवर (पेशीतल्या जादा, गोल डीएनएवर) सीसीडीबी हे विष बसवलंय. अंधारात गळती झाली, म्हणजे थोडं विष बनलं, तरी पेशी मरू नयेत म्हणून सीसीडीए हा उतारा एका कमजोर, सतत चालू प्रमोटरवर (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) सोबत दिलाय. एलबी (जिवाणूंचं खाद्य) आणि कॅनामायसिन (प्लाझ्मिड नसलेल्या पेशी मारणारं प्रतिजैविक) घातलेली ५ मिलीची नळी निळ्या एलईडीच्या पट्टीखाली ४ तास ठेवली की प्लेटवर ९९.९ टक्के पेशी मेलेल्या दिसतात. तीच नळी उजेडातच रात्रभर राहू दिली, तर सकाळी पुन्हा गढूळ. तुम्ही विचारताय की एलईडी वाढवायचे का, आणि हे जिवाणू सांडपाण्यासाठी असल्यामुळे ‘उन्हात आपोआप मरतात’ असं पोस्टरवर लिहायचं का.

एलईडी वाढवू नका, आणि ते वाक्यही लिहू नका. कारणं सांगतो.

आधी आकडे बघू. ओडी (गढूळपणाचं माप) १ असताना ई. कोलायच्या एका मिलीत साधारण ८० कोटी पेशी असतात. ५ मिलीत झाल्या ४०० कोटी. त्यातल्या ९९.९ टक्के मेल्या म्हणजे ४० लाख जिवंत राहिल्या. एलबीत त्या अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं, तर दहा दुपटींत हजारपट होतात आणि पाच तासांत तुम्ही होता तिथे परत येता. रात्र तर मोठी असते. वैद्यकशास्त्रात ९९.९ हा आकडा भारदस्त वाटतो, इथे त्याला फारशी किंमत नाही. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमधून रूढ झालेली कसोटी अशी आहे की १० कोटी पेशींमागे एकाहून कमी पेशी निसटायला हवी. तुमची कळ हजारात एक सोडते. मधलं अंतर एक लाख पटींचं आहे, आणि दिवे वाढवून ते भरून निघत नाही.

भरून का निघत नाही, ते समजायला दुसरा हिशेब. एखादं जनुक आपोआप निकामी होण्याचं प्रमाण ढोबळमानाने दहा लाख पेशींत एक असतं. ते जनुकाच्या लांबीवर, स्ट्रेनवर आणि प्लाझ्मिडच्या प्रतींवर अवलंबून कमीजास्त होतं, पण घर तेच. म्हणजे ४०० कोटी पेशींच्या नळीत, तुम्ही बटण दाबण्याच्या आधीच, विष मोडलेल्या काही हजार पेशी असू शकतात. उजेडाने त्या तयार केलेल्या नाहीत, फक्त बाकीच्यांना मारून त्यांना मोकळं रान दिलं. किल-स्विचच्या कामात बहुतेकांचा वेळ जिवाणू कसे मारायचे यात जातो. खरा प्रश्न वाचलेल्यांचा असतो: ते कोण आहेत आणि का वाचले.

म्हणून पहिलं काम दिव्यांचं नाही. सकाळच्या गढूळ नळीतून २० वेगवेगळ्या कॉलन्या उचला आणि त्यांची चौकशी करा. प्रत्येक कॉलनी अंधारात वाढवून परत उजेडात घाला. परत मेल्या, तर त्या म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, नाहीत. पहिल्या फेरीत त्या सुस्त असतील, काठाला चिकटलेल्या असतील किंवा त्यांना उजेड पुरला नसेल. परत वाचल्या, तर बदल वारशाने आलेला आहे आणि पुढची पायरी घ्यायची. त्याच कॉलन्या कॅनामायसिन असलेल्या आणि नसलेल्या प्लेटवर ठिपक्यांनी लावा. फक्त साध्या प्लेटवर वाढल्या तर प्लाझ्मिडच गेलंय. दोन्हीकडे वाढल्या तर प्लाझ्मिड काढून ताज्या बीएल२१ मध्ये घाला. ताज्या पेशीही वाचल्या तर दोष प्लाझ्मिडवर आहे. ताज्या पेशी मेल्या तर दोष मूळ पेशीच्या जीनोममध्ये आहे. सीसीडीबीच्या बाबतीत जीनोममधला पहिला संशयित म्हणजे जायरेजचं, म्हणजे डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या आणि सीसीडीबी ज्याला अडकवतं त्या एन्झाइमचं, जायरए हे जनुक. ४६२ क्रमांकाच्या जागी बदल झालेली जायरए असली की सीसीडीबीला पकडायला काही उरत नाही.

दोष प्लाझ्मिडवर असेल तर विषाच्या दोन्ही बाजूंना प्रायमर लावून पीसीआर करा. सीसीडीबी जनुक ३०६ बेसपेअरचं आहे. जेलवरची पट्टी अपेक्षेएवढीच आली तर सीक्वेन्सिंगला पाठवा, एखादा ठिपका बदललेला निघेल. पट्टी साडेसातशे ते तेराशे बेसपेअरने मोठी आली तर बहुधा आयएस घटक, म्हणजे उड्या मारणारा डीएनए, मध्ये येऊन बसलाय. आयएस१ ७६८ चा आहे, आयएस१० १,३२९ चा. विषावर निवडीचा दाब आला की हे पाहुणे हमखास भेटतात. त्यांचं प्रमाण जास्त निघालं तर आयएस घटक काढून टाकलेला एमडीएस४२ सारखा स्ट्रेन हा इलाज आहे. ठिपके बदलत असतील तर त्याने फार फरक पडणार नाही. इलाज निदानावर ठरतो, म्हणून आधी या २० कॉलन्या.

आता तुमच्या रचनेतल्या दोन जागा, ज्या मला प्रश्न वाचतानाच खटकल्या.

पहिली, बीएल२१ आणि सीसीडीए यांची जोडी. विष-उतारा ही जोडी चालते याचं कारण उतारा लवकर कुजतो आणि विष टिकतं. सीसीडीएला कुजवण्याचं काम लॉन हे प्रोटीएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) करतं. बीएल२१ मध्ये लॉन नसतं. प्रथिनं टिकावीत म्हणूनच हा स्ट्रेन लोकप्रिय झाला, आणि तुमच्या कामी नेमका तोच गुण आड येतोय. अंधारात साठलेला उतारा उजेड लागल्यावरही शाबूत राहतो आणि सुरुवातीचं विष गिळतो. शिवाय सीसीडीए जायरेजला चिकटलेलं सीसीडीबी सोडवूही शकतं. मग प्रश्न असा पडतो की ४ तासांनंतर प्लेटा तुम्ही उजेडात उबवल्या की अंधारात? अंधारात उबवल्या असतील तर विष बनणं थांबलं, उतारा चालूच राहिला, आणि अर्धमेल्या पेशी उठून बसल्या असतील. तुमच्या ४० लाखांतला काही भाग असाही असू शकतो. एमजी१६५५ सारखा लॉन शाबूत असलेला के-१२ स्ट्रेन घेऊन हाच प्रयोग करून बघा. मात्र एफ′ (एफ प्लाझ्मिडची एक आवृत्ती) असलेला कुठलाही स्ट्रेन घेऊ नका. एफ प्लाझ्मिडवर सीसीडीए आधीपासूनच असतं, आणि तुमचं विष पहिल्या दिवसापासून निकामी ठरेल.

दुसरी जागा तुम्हाला कदाचित आवडेल, कारण पीडॉन निवडून तुम्ही नकळत एक चांगली गोष्ट केली आहे. पीडॉन आणि पीडस्क ही प्लाझ्मिडं अँड्रियास म्योग्लिश आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिली. अंधारात वायएफ१ हे उजेड ओळखणारं प्रथिन फिक्सजे या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट लावतं. फॉस्फेट लागलेलं फिक्सजे एक प्रमोटर चालू करतं. पीडस्कमध्ये त्या प्रमोटरवर थेट तुमचं जनुक असतं, म्हणजे अंधारात चालू, उजेडात बंद. पीडॉनमध्ये त्यावर लॅम्डा फेज या जिवाणूंच्या विषाणूचं सीआय हे दाबणारं प्रथिन असतं आणि ते तुमच्या जनुकाला अंधारात दाबून ठेवतं. उजेड आला की सीआय बनणं थांबतं, असलेलं संपत जातं आणि जनुक उघडतं. अंधार-उजेडातला फरक ४६० पटींपर्यंत मोजला गेलाय.

आता या साखळीतली एकेक कडी मनातल्या मनात तोडा. वायएफ१ मोडलं तर फॉस्फेट नाही, सीआय नाही, विष सुरू, पेशी मेली. फिक्सजे मोडलं तरी तेच. सीआय मोडलं तरी तेच. पेशीला निसटायचं तर विष, त्याचा प्रमोटर किंवा जायरेज यांतलं काहीतरी बदलावं लागतं, किंवा सीआय कायमचं चालू ठेवणारा दुर्मिळ बदल व्हावा लागतो. म्हणजे मोडतोडीची बहुतेक ठिकाणं पेशीला मारतात. ईएल२२२ सारखा उजेडात विष चालू करणारा घटक घेतला असता तर तो मोडला की विषच बनलं नसतं. निसटण्याचं लक्ष्य तेवढं मोठं झालं असतं. पीडस्कवर विष बसवलं, तर वायएफ१ आणि फिक्सजे दोन्ही मोडण्याचा फायदा पेशीलाच. रचना निवडताना घटकांच्या चमकदार आकड्यांआधी हा खेळ कागदावर खेळावा: प्रत्येक कडी मोडली तर पेशी मरते की सुटते?

एक अपवाद मात्र सांगायला हवा. सीआय हे पेशीभर फिरणारं प्रथिन आहे. वीस-तीस प्रतींपैकी एका प्लाझ्मिडवर सीआय कायमचं चालू झालं, तरी ते बाकी सगळ्या प्रतींवरचं विष दाबू शकतं. विष मोडण्याचं उलट असतं: एक प्रत मोडली तरी उरलेल्या मारतातच, म्हणून मोडकी प्रत पिढ्यांमधून वेगळी पडेपर्यंत पेशीला वाट पाहावी लागते. जास्त प्रती म्हणजे जास्त सुरक्षा, असं समीकरण म्हणून बसत नाही. त्यात जास्त प्रतींनी गळतीही वाढते.

गळतीचं एक चक्र तर या जोडीतच दडलेलं आहे. सीसीडीबी जायरेजला अडकवतं तेव्हा डीएनए तुटतो, पेशीचा एसओएस प्रतिसाद (डीएनए दुरुस्तीची धावपळ) जागा होतो आणि रेकए हे प्रथिन सक्रिय होतं. मूळ स्वरूपातलं सीआय अशा वेळी स्वतःलाच कापतं. फेजला बुडती बोट सोडायची असते ना. म्हणजे अंधारातली थोडी गळती सीआय कमी करते आणि गळती आणखी वाढते. मारण्याच्या वेळी हे फायद्याचं, एरवी ताप. डीएच५अल्फा या क्लोनिंगच्या (प्लाझ्मिड जुळवण्याच्या) स्ट्रेनमध्ये रेकए निकामी असतं, म्हणून क्लोनिंगच्या वेळी सगळं शांत दिसतं आणि बीएल२१ मध्ये गेल्यावर अंधारातही कॉलन्या बारीक येतात. तुमच्याकडे असं झालं असेल तर कारण हे असू शकतं. न कापला जाणारा सीआयचा ‘इंड-वजा’ प्रकार उपलब्ध आहे, पण तो घ्यायचा की नाही हे अंधारातल्या वाढीची आकडेवारी बघून ठरवा.

गळती मोजायची सोपी रीत अशी. त्याच प्लाझ्मिडची विषात स्टॉप कोडॉन (प्रथिन अर्ध्यात थांबवणारी खूण) घातलेली आवृत्ती बनवा. दोन्ही प्लाझ्मिडं सारख्याच वजनाने, अंधारात, सारख्याच पेशींत घाला आणि कॉलन्या मोजा. विषवाल्या दहापट कमी आल्या तर गळती आहे, आणि ज्या आल्या त्यांत मोडक्या विषाच्या कॉलन्या आधीच निवडल्या गेल्यात. क्लोनिंग जायरए४६२ असलेल्या, म्हणजे सीसीडीबी सोसणाऱ्या स्ट्रेनमध्येच करा. साध्या स्ट्रेनमध्ये, ट्यूबलाइटखाली क्लोनिंग केलं तर सीक्वेन्सिंगला जे जाईल त्यावर विश्वास ठेवणं कठीण. स्टॉप कोडॉनची ही आवृत्ती पुढे प्रत्येक प्रयोगात सोबत ठेवा. उजेडाने स्वतः किती मारलं, हे तिच्याशिवाय कळत नाही.

उजेडाकडे आता वळतो, कारण तिथे दोष नसला तरी गोंधळ असतोच. वायएफ१ फार संवेदनशील आहे. ४७० नॅनोमीटरला चौरस सेंटीमीटरमागे १०० मायक्रोवॅट भरपूर झाले. फोनवरचं लक्स मोजणारं ॲप निळ्या उजेडाला फसतं, कारण लक्स हे डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेलं माप आहे आणि ४७० ला डोळा जेमतेम ९ टक्के जागा असतो. हिशेबाने १०० मायक्रोवॅट म्हणजे साधारण ६२ लक्स. आकडा लहान दिसला म्हणून पट्ट्या वाढवत जाण्याची चूक बरेच जण करतात.

उलट बाजू अशी की प्रयोगशाळेतला साधा पांढरा एलईडी दिवा टेबलावर ४०० लक्स देत असेल, तर त्यातला निळा भाग अंदाजे २० ते ३० मायक्रोवॅटच्या घरात जातो. म्हणजे कळ दाबायला तोही पुरतो. तुमचा ‘अंधार’ खरोखर अंधार आहे का? ॲल्युमिनियम फॉइल दुहेरी गुंडाळा, एकेरीला सुईएवढी भोकं पडतात. शेकरच्या झाकणाची काच काळ्या कागदाने झाका. काम ६२० नॅनोमीटरच्या पुढच्या लाल एलईडीखाली करा. ज्या घटकाने वायएफ१ उजेड पकडतं त्याला लाल दिसतच नाही. आणि नळीत काय आहे ते फोनच्या टॉर्चने बघू नका, हे लिहायला नको खरं तर.

लॅमिंग्टन रोडवरून एलईडी घेताना निळा ४६५ ते ४७५ किंवा ‘रॉयल ब्लू’ ४५० चा घ्या, दोन्ही चालतात. ४०० च्या आसपासचा जांभळा घेऊ नका. तो पेशीतल्या पोरफिरिन या उजेड शोषणाऱ्या रेणूंना पेटवून स्वतःच मारतो, आणि तुम्हाला वाटेल कळ चालली. ३ वॅटचा एक स्टार एलईडी, ७०० मिलीअँपिअरचा स्थिर-करंट ड्रायव्हर आणि मागे बोटभर जाड ॲल्युमिनियम एवढं पुरतं. तेही बहुधा मंद करावं लागेल. पट्टी बंद खोक्यात लावली असेल तर शेजारी नुसत्या पाण्याची नळी ठेवून तिच्यात तापमापी बुडवा. ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये आतलं खोकं सहज ४१-४२ वर जातं, आणि मग मारलं कोणी, उजेडाने की उकाड्याने? उपाय म्हणजे उजेड तुकड्यांनी द्यायचा: एक मिनिट चालू, चार मिनिटं बंद. वायएफ१ उजेड झाल्यावर बराच वेळ त्याच अवस्थेत राहतं, त्यामुळे तुकडे त्याला सलगच वाटतात. ईएल२२२ अर्ध्या मिनिटाच्या आसपास विसरतं, तिथे ही युक्ती चालत नाही. मोठ्या टाकीत पेशी उजेडाच्या काठाला येऊन पुन्हा आत जाते, तेव्हाही हा विसराळूपणा नडतो.

एलबीही बदला. ते पिवळं असतं, निळा उजेड खातं, आणि त्यातलं रायबोफ्लेव्हिन उजेडात पेरॉक्साइड तयार करतं. एम९ या साध्या, रंगहीन माध्यमात ग्लुकोज आणि कॅसअमिनो आम्लं घालून वापरा. आणि धीर धरा. सीआय संपून विष साचायला एक-दोन तास जातातच, तोवर ओडी वाढत राहिली तर घाबरायचं कारण नाही.

एवढं सगळं नीट केल्यावर हजारात एकावरून तुम्ही लाखात, कदाचित दहा लाखांत एकावर याल. तिथे एक विषाची कळ थकते, मग ती कोणाचीही असो. पुढे जायचा मार्ग दुसरं कुलूप, आणि त्याची किल्ली वेगळी असायला हवी. दोन कुलपं खरोखर स्वतंत्र असली तर दहा लाखांत एक गुणिले दहा लाखांत एक, असा गुणाकार मिळतो. सीसीडीबीच्याच दोन प्रती ठेवल्या तर जायरेजचा एक बदल दोन्ही उघडतो, आणि सारखे क्रम आपसांत जुळून एक प्रत गळूनही जाते. दोन वेगळी विषं एकाच सीआयखाली ठेवली तर सीआयची जागा सामाईक राहते. माझी पसंती अशी असते: प्लाझ्मिड सोडून विष जीनोममध्ये बसवावं, आणि दुसरं कुलूप म्हणून डॅपए हे जनुक अख्खं काढून टाकावं. डॅपए नसलेल्या पेशीला भिंत बांधायला डायअमिनोपिमेलिक आम्ल बाहेरून लागतं. माध्यमात मिलीमागे ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास घालतात. काढून टाकलेलं जनुक ठिपका बदलून परत येत नाही. दुसऱ्या जिवाणूंच्या भिंतींचे तुकडे खाऊन किंवा शेजाऱ्याकडून जनुक घेऊन पेशी जगू शकते, म्हणून हेही एकटं पुरत नाही, पण उजेडाशी त्याचा काही संबंध नाही, हेच त्यात महत्त्वाचं.

दुसरं विष म्हणून मॅझएफ सुचवणारे भेटतील. मॅझएफ आरएनए कापून पेशीला थांबवतं आणि बराच वेळ मॅझई हा त्याचा उतारा देऊन तिला परत उठवताही येतं. थांबवणं आणि मारणं यांतला हा फरक प्लेटवर लगेच दिसत नाही. त्यापेक्षा डीएनए कापणारा घटक घ्यावा. सेंट लुईसच्या गटाने २०२२ मध्ये ई. कोलायच्या निस्ल या स्ट्रेनमध्ये क्रिस्परवर (डीएनए कापणाऱ्या यंत्रणेवर) चालणारी कळ केली, आणि तिच्यात घटकांच्या अनेक प्रती ठेवून निसटण्याची वाट अरुंद केली. डीएनएच तुटल्याचा आणखी एक फायदा असा की मेलेल्या पेशीतून शेजाऱ्याला उचलायला शाबूत जनुकं कमी उरतात. सीसीडीबीने मेलेली पेशी तुमचं कॅनामायसिनचं जनुक पाण्यात तसंच सोडून जाते. त्यामुळे अंतिम स्ट्रेनमध्ये प्रतिजैविक-प्रतिकाराचं जनुक मुळात नसावंच.

मोजणीबद्दल, कारण पोस्टरवरचा आकडा तिथूनच येणार. कॅनामायसिन नसलेल्या प्लेटा वापरा. नाल्यात कोणी कॅनामायसिन घालत नाही, आणि प्लाझ्मिड टाकून दिलेली पेशी तुमच्या प्लेटवर आत्तापर्यंत मेलेली मोजली गेलीय. अंधारात, एकेका कॉलनीपासून १० स्वतंत्र नळ्या वाढवा. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये दाखवलं तसं, एखाद्या नळीत म्युटंट लवकर जन्मला तर ती एकटीच शेकडो कॉलन्या देते. एकाच नळीवर आकडा ठरवला तर तो निव्वळ लॉटरी ठरतो. दहा नळ्यांचा मध्यक द्या. एका प्लेटवर १० कोटींहून जास्त पेशी टाकू नका. थर दाट झाला की खालच्यांना उजेड पोचत नाही, आणि मेलेल्यांवर जगणाऱ्यांमुळे पार्श्वभूमी धुरकट होते. ‘१० कोटींत एकाहून कमी’ असं म्हणायचं असेल तर किमान ३० कोटी पेशी तपासून शून्य कॉलन्या यायला हव्यात. शून्य आलं की ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा तीन भागिले तपासलेल्या पेशी एवढी असते. १० कोटी तपासून शून्य आलं तर दावा फक्त ‘३.३ कोटींत एकाहून कमी’ एवढाच करता येतो. प्लेटा उजेडातच उबवा, २४ तासांनी मोजा आणि ४८ तासांनी परत मोजा. रखडत वाढणारे दुसऱ्या दिवशी दिसतात. मुंबईच्या दमट हवेत झाकणाला पाण्याचे थेंब धरतात आणि उजेड विस्कटतो, म्हणून प्लेटा उलट्या ठेवून उजेड आगरच्या बाजूने द्या.

आता उन्हाचा मुद्दा. समजा तुमच्या पेशी चुकून बेसिनमधून गेल्या. त्या इमारतीच्या बंद पाइपातून रस्त्याखालच्या गटारात, तिथून पंपिंग स्टेशनला जातील. शहराच्या बऱ्याच भागाचं पाणी पुढे वरळी आणि वांद्र्याच्या बोगद्यांतून समुद्राच्या तळाखालून तीन किलोमीटरांहून आत सोडलं जातं. या सगळ्या वाटेवर ऊन कुठे आहे? उघड्या नाल्यात किंवा मिठी नदीत पडल्या तरी गाळाच्या पाण्यात निळा उजेड काही सेंटीमीटरांत संपतो, आणि पेशी चिकटतात तळाच्या गाळाला. पावसाळी ढगांची काळजी करू नका, ढगाळ दुपारीही वायएफ१ला पुरून उरेल एवढा उजेड असतो. अडचण छपराची आणि चिखलाची आहे. त्यातही, विष बनवायला पेशीला अन्न आणि ऊर्जा लागते. उपाशी, थंड बसलेली पेशी उजेड ओळखेल, पण विष बनवणार कशातून? म्हणून एक चाचणी स्थिरावस्थेतल्या (वाढ थांबलेल्या) पेशींवर, पोषण नसलेल्या पाण्यात, ३७ ऐवजी २८ ते ३० अंशांना करा. निकाल बहुधा खट्टू करणारा येईल, पण पोस्टरवर तोच सगळ्यात किमती असेल.

मग उलटी कळ बरी का, म्हणजे उजेडात जगणारी आणि अंधारात मरणारी? गटारासाठी तर्क बरोबर आहे. पण तेव्हा तुमच्या टाकीतल्या प्रत्येक पेशीला सतत उजेड मिळायला हवा. दाट कल्चरमध्ये आतल्यांना तो मिळत नाही, वीज गेली की सगळं मरतं, आणि काठावरच्या अर्ध्या अंधारात रोज म्युटंट निवडले जातात. पातळ थरावर, काचेवर वाढवायचं काम असेल तर हा विचार करावा. तुमच्या सांडपाण्याच्या टाकीसाठी मी करणार नाही. तिथे उजेडाची कळ काम संपल्यावर टाकी रिकामी करण्याआधी, मुद्दाम दिवा लावून वापरायची सोय म्हणून चांगली आहे. कुंपण म्हणून डॅपएसारखं, कोणी काही न करता चालणारं कुलूप हवं.

पोस्टरवर लिहायचं तर असं काही लिहा: ‘अमुक स्ट्रेन, एम९ माध्यम, वाढीच्या अवस्थेतल्या पेशी, ४७० नॅनोमीटर, इतके मायक्रोवॅट, इतके तास, प्रतिजैविकाविना निसटण्याचं प्रमाण इतकं, दहा नळ्यांचा मध्यक.’ परीक्षक जाणकार असतील तर त्या ओळीवर थांबतील. आयजेम या विद्यार्थ्यांच्या जैव-अभियांत्रिकी स्पर्धेसाठी असेल तर तिथे प्रयोगशाळेबाहेर काहीही सोडायला मनाई आहेच. भारतात १९८९ च्या नियमांनुसार पर्यावरणात सोडण्याचा प्रश्न जीईएसी या केंद्राच्या जनुक-अभियांत्रिकी मूल्यमापन समितीपर्यंत जातो, आणि प्रयोगशाळेतल्या कामासाठीही संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. तुमच्या कॉलेजच्या समितीकडे या प्रकल्पाची नोंद नसेल तर पीसीआरच्या आधी ते करा.

आणि किल-स्विच कितीही चांगला झाला, तरी नळ्या ऑटोक्लेव्हमध्येच जातील: १२१ अंश, १५ पौंड दाब, किमान २० मिनिटं, मोठ्या बाटल्यांना जास्त. सांडलं तर १ टक्का हायपोक्लोराइट, ३० मिनिटं, मग पुसा.

त्या २० कॉलन्यांपैकी किती परत मेल्या, कॅनामायसिनशिवायच्या प्लेटवर काय दिसलं आणि पीसीआरच्या जेलचा फोटो, एवढं इथेच टाका. पट्टी मोठी आली की नाही यावर पुढचा स्ट्रेन कोणता घ्यायचा ते ठरेल.